अडकित्ता, समई आणि वज्री : केळकर संग्रहालयाची एक भेट

पदार्थसंग्रहालय म्हटलें कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, तें राजेरजवाड्यांचें असतें. भिंतीवर ढाली व तलवारी, कांचेखालीं नाणीं, कोपऱ्यांत एखादी हात तुटलेली पाषाणमूर्ति, आणि या सर्वांवर कोणत्या तरी राजवंशाचें नांव व शतकाचा आंकडा. तेथें गेलेला मनुष्य आदबीनें फिरतो, आंकडे वाचतो, आणि बाहेर पडतांना आपण बरेंच ज्ञान मिळविलें अशी स्वतःची समजूत घालून चहाच्या शोधास लागतो. पाहिलेल्या वस्तूंशीं आपल्या घराचा, आपल्या स्वयंपाकघराचा, आपल्या आजीच्या हातांचा कांहीं संबंध आहे असें त्यास क्षणभरहि वाटत नाहीं.

पुण्यांतील राजा दिनकर केळकर संग्रहालय या जातीचें नव्हे. शुक्रवार पेठेंत, बाजीराव रस्त्यापासून आंत वळलें कीं नातूबागेजवळ ही तीन मजली वास्तु लागते. येथें शस्त्रें आहेत, मूर्ति आहेत, कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून केलेली त्या महालाची पुनर्रचनाहि आहे. परंतु या संग्रहाचा जीव निराळ्याच वस्तूंत आहे. अडकित्ते, समया, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, दौती, वज्र्या, सोरे, किसण्या, खेळणीं, कोरीव दरवाजे, वाद्यें. थोडक्यांत म्हणजे ज्या वस्तूंस आपल्या पणजोबांच्या घरांत कोणी ‘कला’ हें नांव दिलें नसतें, त्या वस्तू. संग्रहांत एकंदर २०,००० हून अधिक वस्तू असून त्यांपैकीं सुमारें २,५०० मांडलेल्या आहेत. त्यांतील बहुतेक १८ व्या व १९ व्या शतकांतील आहेत. हें संग्रहालय कसें पाहावें, आणि तेथून परततांना मनांत काय घेऊन यावें, याविषयीं चार शब्द लिहावे या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

वस्तूचा घाट

आपल्या भाषेंत एक फार चांगला शब्द आहे. तो शब्द म्हणजे ‘घाट’. तांब्याला घाट असतो, दागिन्याला घाट असतो, देवघरांतल्या पळीलाहि घाट असतो. नुसता आकार म्हणजे घाट नव्हे. आकार तर रॉकेलच्या डब्यालाहि असतो. वस्तु ज्या कामासाठीं आहे तें काम, ज्या हातांत ती जाणार तो हात, आणि ज्या धातूची वा लांकडाची ती बनली तो धातु वा तें लांकूड, या तिहींचा मेळ जेथें बसतो तेथें घाट साधतो. पाण्याच्या तांब्याची मान बोटांच्या पकडींत यावी इतकी निमुळती असते, पोट घरच्या माणसांची तहान भागावी इतकें मोठें असतें, आणि कांठ असा बाहेर वळलेला असतो कीं ओततांना धार फुटत नाहीं. यांतील एकहि गोष्ट शोभेसाठीं केलेली नाहीं. तरीहि तो तांब्या शोभतो. पाश्चात्य देशांत ज्यास ‘डिझाइन’ म्हणतात त्याचा गाभा हाच होय.

अशा उपयुक्त कलांचीं स्वतंत्र संग्रहालयें असावीं ही कल्पना फार जुनी नाहीं. इ. स. १८५१ मध्यें लंडन येथें हाइड पार्कांत सर्व राष्ट्रांच्या मालाचें एक प्रचंड प्रदर्शन भरलें. यंत्रविद्येंत इंग्लंड त्या वेळीं सर्वांच्या पुढें होतें. परंतु यंत्रांतून निघणाऱ्या मालावर नक्षी पुष्कळ आणि विवेक थोडा, हें तेथील जाणत्या लोकांच्या ध्यानांत आलें. प्रदर्शनाच्या चालकांपैकीं एक प्रमुख गृहस्थ हेन्री कोल यांच्या खटपटीनें पुढच्याच वर्षीं, १८५२ सालीं, मार्लबरो हाउसमध्यें कारागिरीच्या वस्तूंचें एक संग्रहालय सुरू झालें. त्यासाठीं प्रदर्शनांतून ज्या वस्तू विकत घेतल्या त्यांत हिंदुस्थानांतून गेलेल्या वस्तूहि होत्या, आणि नक्षी कोठें थांबवावी हें या कारागिरांपासून शिकावें असें तेथील जाणते म्हणत. हेंच संग्रहालय १८५७ सालीं साउथ केन्सिंग्टन येथें गेलें, आणि १८९९ पासून तें व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय या नांवानें जगप्रसिद्ध आहे.

कोलसाहेबांनीं आरंभीं तेथें एक मौजेची खोली ठेवली होती. चांगल्या वस्तूंबरोबर वाईट वस्तूहि लोकांनीं पाहाव्या, म्हणून बाजारांतील बेढब मालाचे नमुने, त्यांतील दोष लिहून, त्या खोलींत मांडले होते. अलंकार वस्तूच्या उपयोगाच्या आड येऊं नये, हें त्या खोलीचें सूत्र. ज्यांचा माल तेथें मांडला गेला त्या कारखानदारांनीं अर्थातच ओरड केली, आणि ती खोली थोड्याच काळांत बंद पडली. दुसऱ्याच्या घरांतील वस्तूस नांवें ठेवणें सोपें असतें, पण ती विकणाऱ्याच्या तोंडावर ठेवणें कठीण, हा अनुभव सर्व देशांत सारखाच!

मुंबईसहि या लाटेचा स्पर्श झाला. तेथें १८५५ सालीं सुरू झालेल्या अशाच संग्रहाला पुढें भायखळ्याच्या बागेंत सुंदर इमारत लाभली, आणि १८७२ सालीं तें व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय म्हणून लोकांस खुलें झालें. त्याच्या उभारणीसाठीं झटणारे डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव त्यास १९७५ सालीं देण्यांत आलें. परंतु लंडनचें काय किंवा मुंबईचें काय, हीं संग्रहालयें सरकार, समित्या आणि वर्गण्या यांच्या बळावर उभीं राहिलीं. पुण्याचें संग्रहालय उभें राहिलें तें एका गृहस्थाच्या घरांत, त्याच्या पदरच्या पैशानें.

चष्म्याच्या दुकानांतील कवि

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ सालचा. पुण्यांत त्यांचें चष्म्यांचें दुकान होतें. ‘अज्ञातवासी’ या नांवानें ते कविता लिहीत, आणि जुन्या मराठी काव्याइतकीच जुन्या मराठी घरांची त्यांस ओढ होती. सुमारें १९२० पासून त्यांनीं वस्तू जमविण्यास आरंभ केला. जुने बाजार, मोडीचीं दुकानें, पडके वाडे, खेड्यापाड्यांतील ओसऱ्या, पुढें महाराष्ट्राबाहेरील दूरदूरचे प्रांत, जेथें म्हणून एखादी घाटदार वस्तु असल्याची वार्ता लागे तेथें ते जात. पत्नी कमलाबाई यांची त्यांस या उद्योगांत साथ होती. ज्या संसारांत घरधनी जुनीं भांडीं आणि दिवे आणण्यापायीं खिसा रिकामा करतो, त्या संसारांतील गृहिणीची साथ म्हणजे काय, हें आमच्या वाचकभगिनींस निराळें सांगावयास नको. १९६० च्या सुमारास संग्रह १५,००० वस्तूंपर्यंत वाढला होता. १९७५ सालीं केळकरांनीं तो सर्व महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याच्या स्वाधीन केला. १९९० सालीं त्यांचें निधन झालें.

संग्रहालयाच्या नांवांतील ‘राजा’ या शब्दानें पुष्कळांचा घोटाळा होतो. हे कोणत्या संस्थानचे राजे, असें विचारणारे लोक भेटतात. केळकर राजे नव्हते. राजा हें त्यांच्या एकुलत्या एक मुलाचें नांव. तो लहानपणींच गेला. आपल्याकडे गेलेल्या मुलाच्या नांवानें आईबाप विहीर बांधतात, धर्मशाळा बांधतात, विद्यार्थ्यांस जेवूं घालतात. केळकरांनीं हजारों घरांतील वस्तू गोळा करून त्यांवर आपल्या मुलाचें नांव घातलें. त्या घरांतील मुलें ज्या पाळण्यांत निजलीं, ज्या दिव्याखालीं शिकलीं, ज्या खेळण्यांशीं खेळलीं, तसल्या वस्तूंच्या सोबतींत त्यांच्या राजाचें नांव राहिलें आहे. हें ध्यानीं धरून दालनांत शिरलें म्हणजे कपाटांतील वस्तूंकडे पाहण्याची नजर आपोआप निराळी होते.

समईची उंची

दिव्यांपासून आरंभ करावा. समई इतकी परिचयाची कीं आपण तिच्याकडे कधीं पाहतच नाहीं. येथें ती कांचेआड असल्यामुळें मात्र पाहावी लागते. तिची बैठक रुंद व जड असते, कारण घरांत रांगतें मूल असतें आणि दिवा कलंडतां कामा नये. वरच्या ताटलीच्या कडेस चोची ओढलेल्या असतात, म्हणजे वात जागची सरकत नाहीं. पुष्कळ समयांचे भाग आट्यांनीं जोडलेले असतात, म्हणजे घासतांना ते सुटे करतां येतात. आणि तिची उंची? ती जमिनीवर बसलेल्या माणसाच्या मापाची आहे. पाटावर बसून जेवणाऱ्याच्या ताटावर, मांडी घालून वाचणाऱ्याच्या पोथीवर नेमका उजेड पडावा अशी ती उंची. आपण खुर्चीवर बसूं लागलों, दिवा छताशीं गेला, आणि समईची उंची निरर्थक झाली. म्हणून ती देवघरांत गेली, कारण देवापुढें आपण अजून जमिनीवरच बसतों. एका वस्तूच्या मापांत घराच्या राहणीचा इतिहास कसा सांठतो याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

जुन्या टांगत्या दिव्यांपैकीं कांहींत तर पदार्थविज्ञानाचा एक धडाच असतो. ताटलीच्या मधोमध पितळेचा पक्षी बसविलेला असतो. त्याचें पोट पोकळ, तेलानें भरलेलें, आणि वरून हवा शिरणार नाहीं असें बंद. तेल खालच्या छिद्रांतून ताटलींत उतरतें. ताटलींतील तेल छिद्राच्या वर चढलें कीं हवा आंत जाण्याची वाट बुजते, आणि बाहेरच्या हवेच्या दाबानें पक्ष्याच्या पोटांतील तेल जागच्या जागीं थांबतें. वात जळून ताटलींतील तेल उतरलें कीं छिद्र उघडें पडतें, हवेचा बुडबुडा आंत शिरतो, आणि तेवढेंच तेल पुन्हा बाहेर येतें. ही योजना ज्या ओताऱ्याच्या हातून उतरली त्यानें हवेच्या दाबावरील ग्रंथ वाचला असण्याचा संभव नाहीं. पण रात्रीं उठून दिव्यांत तेल घालण्याचा कंटाळा कोणास येतो हें त्यास पक्कें ठाऊक होतें.

असल्या ओतीव वस्तू बहुधा मेणाच्या सांच्यावर होत. प्रथम मेणाची हुबेहूब आकृति करावयाची, तिच्यावर मातीचे लेप द्यावयाचे, तें सर्व भट्टींत तापविलें कीं मेण वितळून निघून जातें, आणि राहिलेल्या पोकळींत वितळलेला रस ओतावयाचा. रस थिजल्यावर मातीचा सांचा फोडावा लागतो. म्हणजे एका सांच्यांतून एकच वस्तु निघते. दुसरी हवी तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ! दोन पक्षी अगदीं एकसारखे कां नसतात याचें कारण येथें आहे.

पोपटाची पाठ

अडकित्ते हें या संग्रहालयाचें एक भूषण आहे. सुपारीसारखी कठीण वस्तु कातरण्याचें हें साधन तरफेच्या साध्या नियमावर चालतें. सांधा एका टोंकास, सुपारी सांध्याजवळ, आणि हाताची मूठ दूरच्या टोंकास. त्यामुळें मुठीचें थोडें बळ पात्याशीं पुष्कळ होतें. इतक्या साध्या साधनाला कारागिरांनीं किती रूपें दिलीं तें पाहून मन थक्क होतें. कोठें पोपट, कोठें मोर, कोठें घोडा, कोठें परस्परांकडे वळलेलें स्त्रीपुरुषांचें जोडपें.

येथें कोलसाहेबांच्या त्या खोलीची आठवण होते. अलंकार उपयोगाच्या आड येऊं नये, मग अडकित्त्याला पोपट कशाला? त्याचें उत्तर वस्तु हातांत धरल्याची कल्पना केली म्हणजे मिळतें. जेथें पोपटाची वळलेली पाठ हीच तळव्यांत बसणारी मूठ होते, तेथें अलंकार आणि उपयोग हे दोन राहतच नाहींत. जेथें एखादी शेपटी तळव्यास बोंचेल किंवा एखादा तुरा बोटांत अडकेल, तेथें कारागीर आपल्या कौशल्यावर भाळला असें समजावें. असेहि नमुने जुन्या वस्तूंत असतात. जुनें तें सर्व सोनें असें मानून फिरूं नये; ‘ही वस्तु कोणत्या हातांत जाणार होती, ती कोणतें काम करीत होती, आणि ती याच धातूची कां,’ हे तीन प्रश्न प्रत्येक कपाटापुढें स्वतःस विचारावे. मुलांस बरोबर नेलें असेल तर तेच त्यांना विचारावे. उत्तर चुकलें तरी चालेल. पाहण्याची संवय लागली म्हणजे झालें.

वज्री हा शब्द आजच्या मुलांस बहुधा ठाऊक नसेल. स्नानाच्या वेळीं टांचा घासण्याची ही वस्तु. तिचा तळ खडबडीत, आणि वरच्या बाजूस हातांत धरण्यासाठीं मूठ. एवढेंच काम, पण त्या मुठीच्या जागीं पक्षी बसलेले असतात, प्राणी असतात. कांहीं वज्र्यांना तर घुंगरू असतात, म्हणजे टांच घासतां घासतां नाद होतो. न्हाणीघरांत, अंधुक उजेडांत, जेथें पाहणारें दुसरें कोणी नाहीं, अशा ठिकाणीं वापरण्याच्या वस्तूला कारागिरानें मोर बसवावा, आणि तो मोर बसविलेली वस्तु घरच्या माणसानें हौसेनें आणावी, याचा अर्थ काय? पाहुण्यांस दाखविण्याची हौस येथें नाहीं. दिवसभर अनवाणी राबलेल्या, भेगाळलेल्या पायांचा तो मान आहे. आज आपण दिवाणखाना सजवितों, आणि जेथें कोणाची नजर पोंचत नाहीं तेथें हातास येईल तें प्लास्टिक ठेवतों. वज्रीपुढें उभें राहिल्यावर ही गोष्ट मनास लागते.

दौती व कलमदानें यांच्यापुढेंहि थोडें थांबावें. बोरू, शाई, आणि ओली शाई टिपण्यासाठीं बारीक वाळू, या सर्वांची सोय एका हातभर पेटींत केलेली असते. ज्यांच्या घरीं मोडी दप्तरें आहेत त्यांस आपले पूर्वज तेथें बसून लिहितांना दिसतील. पैठणच्या चित्रकथीचीं चित्रें, गुजराती कोरीव दारें आणि वाद्यांचें दालन यांसाठीं खरोखर दुसरा दिवस राखावा. सर्वच एका दुपारीं पाहूं जाणें म्हणजे लग्नाच्या पंगतींत प्रत्येक पक्वान्न एकदम तोंडांत घालण्यासारखें आहे.

संग्रहालय पाहून झाल्यावर ज्यांस उत्साह असेल त्यांनीं कसबा पेठेंतील तांबट आळींतूनहि एक फेरी मारावी. तेथें तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके एकापुढें एक पडत असतात. त्यास मठारकाम म्हणतात. भांड्यावर उमटणाऱ्या त्या चकाकत्या ठिपक्यांस आपण नक्षी समजतों. वास्तविक त्या प्रत्येक ठोक्यानें मऊ तांबें घट्ट होतें आणि भांडें लवकर चेपत नाहीं. शोभा ही तेथें बळकटीच्या मागोमाग आलेली आहे. कांचेच्या कपाटांतील वस्तूंचा आवाज ऐकूं येत नाहीं. तो येथें ऐकूं येतो.

चिठीवर न मावणारी गोष्ट

स्वयंपाकाच्या उपकरणांपाशीं एक आजीबाई आपल्या नातीस घेऊन उभ्या होत्या. नात कपाटांतील चिठी वाचीत होती. आजीचें चिठीकडे लक्ष नव्हतें. लांकडी सोऱ्याकडे बोट दाखवून त्या सांगत होत्या, “अग, हा दाबायला दोघी लागायच्या. धाकट्या जावेनं वरून जोर द्यायचा आणि थोरलीनं कढईवर हात फिरवायचा. माझा हात पहिल्या दिवाळीला असा भरून आला होता! सासूबाईंनी रात्री तेल चोळून दिलं.” नातीनें विचारलें, “मग तुम्ही रागावला नाहीत?” आजी हंसल्या. म्हणाल्या, “रागावले होते ना. तेल चोळल्यावर राग कुठला राहतो?”

त्या चिठीवर जें मावण्यासारखें होतें तें सर्व होतें. आजीबाई सांगत होत्या तें कोणत्याच चिठीवर मावणारें नव्हतें. येथेंच या विषयांतील खरा जिव्हाळ्याचा प्रश्न उभा राहतो. पितळ टिकतें, लांकूडहि पुष्कळ टिकतें. पण वस्तूचें नांव, तिचा उपयोग, आणि ती कोणाच्या हातांतून कोणाच्या हातांत गेली ही हकीकत, हीं एका पिढींत नाहींशीं होतात. घंगाळ, सतेलें, ओगराळें, गडू, चुनाळें, वेळणी. यांपैकीं किती शब्द आपल्या घरांतील मुलांस कळतात? तान्ह्या मुलास दूध पाजण्याच्या चोचीच्या भांड्यास बोंडलें म्हणत, हें किती तरुण मातांस ठाऊक आहे? वस्तु मोडींत जाण्यापूर्वीं तिचें नांव मरतें. आणि नांव मेलें कीं वस्तु मोडींत टाकावयास हात कचरत नाहीं.

घासणाऱ्या हातांची बाजू

यावर कोणी म्हणेल कीं, हें सर्व कौतुक पुरुषांस आणि लेखकांस शोभतें; भांडीं ज्यांनीं घासलीं त्यांस विचारा! हा आक्षेप पूर्णपणें खरा आहे. पितळेचें भांडें चिंचेनें, राखेनें रोज घासावें लागे. कल्हई उडाली कीं त्यांत ठेवलेलें ताक कळकत असे, म्हणून कल्हईवाल्याची वाट पाहावी लागे. पन्नास पानांची पंगत उठल्यावर विहिरीच्या कांठीं जो ढीग पडे, त्याचें वर्णन कोणत्याहि संग्रहालयांत नाहीं. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांनीं स्त्रियांचे किती तास, किती कंबरा आणि किती बोटें वांचविलीं याचा हिशेब कोणी केला नाहीं, पण तो मोठा आहे. ज्या सुनेनें पितळ काढून स्टील आणलें तिनें संस्कृति बुडविली असें म्हणणें हा शुद्ध अन्याय होय.

म्हणून सर्व जुनीं भांडीं पुन्हा वापरांत आणा असा उपदेश आम्हीं करणार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तीं घरांतून जातांना डोळे उघडे ठेवून जाऊं द्यावीं. पुण्यांतील आणि इतर गांवांतील वाडे पडून त्यांच्या जागीं सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या, अजूनहि राहत आहेत. चार भावांचा वाडा जाऊन चार घरें होतात. अशा वेळीं माळ्यावरच्या वस्तूंस जागा नसते. दागिन्यांची वांटणी काट्यावर होते, जमिनीची मोजणीनें होते, आणि पितळेची? पितळ बहुधा पोत्यांत भरून मोडीवाल्याकडे जातें. तेथें पोपटाचा अडकित्ता आणि फुटकी घागर यांचा भाव एकच. मोडीवाल्याचा त्यांत दोष नाहीं. तो पितळ विकत घेतो. त्यांतील घाट आपणच त्यास फुकट देतों. केळकरांनीं आपल्या आयुष्याचीं पुष्कळ वर्षें असल्या पोत्यांच्या तोंडाशीं उभें राहून काढलीं, आणि जें हातीं लागलें तें वांचविलें. प्रत्येक गांवांत, प्रत्येक पोत्याजवळ एक केळकर उभा नसतो.

घरोघरचें एक कपाट

मग कुटुंबवत्सल माणसानें काय करावें? अगदीं थोडें करावें. दिवाळीच्या साफसफाईंत माळा काढला कीं जुन्या वस्तू एका चटईवर मांडाव्या आणि घरांतील सर्वांत वृद्ध व्यक्तीस शेजारीं बसवावें. प्रत्येक वस्तूचें नांव, तिचा उपयोग, ती कोणत्या घरून कोणाबरोबर आली, या तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्या. हें काम शाळेंत जाणाऱ्या मुलांकडे द्यावें. त्यांचें अक्षर सुधारेल, आणि पणजीचें माहेर कोणतें हेंहि त्यांस कळेल. वस्तूचें छायाचित्र काढावें, आणि लिहिलेली चिठी जाड कागदावर उतरून सुतळीनें वस्तूसच बांधावी. वहींत लिहिलेलें वहीबरोबर हरवतें. वस्तूस बांधलेलें तिच्याबरोबर राहतें.

त्यानंतर निवड करावी. घरास परवडतील, घासणाऱ्या हातांस जड होणार नाहींत, अशा दोन-चार वस्तू ठेवाव्या, आणि शक्य तर त्या वापरांत ठेवाव्या. समईचा अर्थ ती लागल्यावरच कळतो. भावांमध्यें वांटणी करावयाची झाल्यास प्रत्येकाकडे एक तरी वस्तु तिच्या चिठीसह जाईल असें पाहावें. जी वस्तु खरोखर दुर्मिळ वाटेल ती जवळच्या एखाद्या संग्रहालयास विचारून, त्यांस हवी असल्यास, चिठीसकट द्यावी. चिठीशिवाय दिलेली वस्तु मुकी असते. बाकीची मोडींत गेली तरी खेद मानूं नये. सर्वच ठेवूं म्हणणारा शेवटीं कांहींच ठेवीत नाहीं, कारण एके दिवशीं कंटाळून तो सगळेंच काढून टाकतो.

केळकर संग्रहालयाची भेट मनोरंजक आहे, मुलांस घेऊन जाण्याजोगी आहे, आणि परगांवच्या पाहुण्यांस दाखविण्याजोगी तर निश्चितच आहे. परंतु तिचें खरें फळ त्या इमारतींत मिळत नाहीं. तें घरीं आल्यावर, आपल्याच माळ्यावरील एखादी काळवंडलेली वस्तु हातांत घेऊन ‘ही कशाला वापरीत होते?’ असें विचारतांना मिळतें. ज्या घरांत या प्रश्नाचें उत्तर देणारें माणूस अजून आहे, त्या घरानें तो प्रश्न येत्या दिवाळीची वाट न पाहतां आजच विचारावा.